दर लाँग रनला छाती, मांड्या सोलवटतात? कुठे लागलं आणि कितव्या किलोमीटरला, ते आधी बघा

मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी सकाळी उशिरा मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, की फुल मॅरेथॉनवाल्यांच्या फिकट टी-शर्टवर छातीपासून पोटापर्यंत उतरलेले रक्ताचे दोन ओघळ दिसतातच. त्याच गर्दीत पाय फाकवून चालणारे, दंड अंगापासून लांब धरून पळणारेही असतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: व्हॅसलीन लावलं होतं, तरी झालं.

व्हॅसलीन हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधी कपडा, मग कपड्याचं माप, मग त्वचेवर चिकटवायची टेप. हे तिन्ही चुकीचे असतील तर डबाभर व्हॅसलीनही दोन तासांच्या पुढे टिकत नाही. म्हणून पुढच्या लाँग रननंतर, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्यानंतर, अंघोळीला जाण्याआधी आरशासमोर उभं राहून दोनच गोष्टी लिहून ठेवा. नेमकं कुठे लागलं? आणि चरचरायला कितव्या किलोमीटरला सुरुवात झाली?

पहिल्या पाच-सात किलोमीटरमध्येच आग होत असेल तर दोष कपड्याचा आहे. शिवण, लेबल, ढिलं माप किंवा सैल पट्टा शोधा. तिथे वंगण, म्हणजे व्हॅसलीनसारखं काही, वाढवून काही होणार नाही. १५-१८ किमीपर्यंत सगळं ठीक आणि मग सुरू झालं, तर वंगण संपलं किंवा टेप सुटली असा अर्थ. पाण्याच्या स्टेशननंतर अचानक सुरू झालं तर डोक्यावर ओतलेलं पाणी तपासा. सरावात कधीच होत नाही, फक्त शर्यतीत होतं, असं असेल तर त्या दिवशी नवीन काय होतं ते आठवा: आयोजकांच्या किटमध्ये मिळालेला टी-शर्ट, बिबच्या (धावपटूच्या क्रमांकाच्या कागदाच्या) पिना, खिशातली एनर्जी जेलची पाकिटं, नवी शॉर्ट्स. बहुतेक वेळा यातलंच एक निघतं.

असं होतं तरी का

एक मीटरचं पाऊल धरलं तर ४२.१९५ किमीत ४२ हजारांवर पावलं पडतात, आणि दर पावलाला कपडा त्वचेवर थोडा वर-खाली सरकतो. त्वचा कोरडी असताना तो सरकून जातो. दमट झाली की त्वचेचा वरचा थर पाणी शोषून मऊ पडतो, कपडा त्याला चिकटतो आणि सरकण्याऐवजी ओढतो. घाम जिथे वाळतो तिथे मिठाचे कण मागे राहतात, त्यांची आणखी भर. म्हणून कोरड्या हवेत ३० किमी निभावणारा धावपटू मुंबईच्या जानेवारीतही २० किमीला सोलवटतो. थंडी नसते आणि हवेत दमटपणा भरपूर, त्यामुळे घाम उडून जात नाही, कपड्यातच बसून राहतो.

यावरून कपड्याचा नियम निघतो. कपडा एक तर अंगाला घट्ट बसून अंगाबरोबर हलावा, नाही तर त्या जागेला टेकूच नये. मधल्या अवस्थेतला, म्हणजे टेकणारा पण सैल कपडा, सगळ्यात वाईट.

छाती

रक्त सर्वांत जास्त इथेच येतं, आणि मुख्यतः पुरुषांना. स्तनाग्राची त्वचा पातळ, तिच्यात रक्तवाहिन्या भरपूर, आणि ती वर उठलेली असल्याने टी-शर्टचा प्रत्येक हेलकावा नेमका तिथेच घासतो. स्पोर्ट्स ब्रा कापड जागेवर धरून ठेवते, म्हणून बायकांना हा त्रास क्वचित होतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत पहाटे पळताना स्तनाग्रं कडक होतात, त्यामुळे घाम कमी असूनही लागू शकतं.

आधी टी-शर्ट. सुती कपडा बाद, तो घाम धरून ठेवतो, जड होतो आणि लोंबतो. पॉलिस्टर म्हटलं की सगळं आलंच असंही नाही. शर्यतीच्या किटमधले बरेच टी-शर्ट जाड पॉलिस्टरचे असतात आणि छातीवर प्रायोजकांची रबरी छपाई असते. ती छपाई घाम बाहेर जाऊ देत नाही, कपडा मागच्या बाजूने कडक करते, आणि बरोबर छातीच्या रेषेत येते. टी-शर्ट उलटा करून छपाईच्या मागे बोट फिरवा. खरखर लागली तर तो घरी घालायला ठेवा. जाळीदार, हलकं, छातीवर कोरं बनियन त्याहून केव्हाही बरं. बिब छातीवर लावू नका. घामाने जड झालेला कागद आणि चार पिना कपडा खाली ओढतात. बिबचा पट्टा कमरेला बांधा, किंवा पिनाच लावायच्या असतील तर पोटाच्या खालच्या भागात लावा.

मग टेप, आणि ती नीट लावायची असेल तर क्रम पाळा:

१. तिथले केस शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा. त्याच सकाळी वस्तरा फिरवला तर सूक्ष्म जखमांवर घाम झोंबतो.

२. त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. त्या भागावर तेल, लोशन, सनस्क्रीन काही नको. त्वचा अखंड असेल तर स्पिरिटचा बोळा एकदा फिरवून वाळू द्या.

३. साधारण ५ सेंमी लांबीचा तुकडा कापा आणि चारही कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा कपड्यात अडकतो आणि टेप तिथूनच सुटायला लागते.

४. ताण न देता लावा. ताणून लावलेली टेप कडांना त्वचा ओढते, आणि पळून आल्यावर टेपच्या कडेलाच फोड दिसतात.

५. तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. ऊब मिळाली की गोंद पकडतो. हे घराबाहेर पडण्याआधी, घाम यायच्या किमान अर्धा तास आधी करा.

६. टेप लावून झाल्यावरच बाकीच्या अंगाला वंगण लावा. उलट क्रमाने केलं तर बोटांवरचं व्हॅसलीन टेपखाली जातं. 'टेप टिकत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

टेप कुठली? औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी मायक्रोपोर स्वस्त, पण घामात तिची पकड जाते. हाफ मॅरेथॉनपर्यंत (२१ किमी), कोरड्या हवेत चालेल. मुंबईत किंवा पावसात कापडी, झिंक ऑक्साइडच्या गोंदाची ल्युकोप्लास्टसारखी टेप किंवा खेळाडू स्नायूंवर लावतात ती ताणणारी कायनेसिओ टेप जास्त टिकते. साधी बँडएड टिकत नाही: मधल्या गादीत घाम भरतो आणि ती निघून टी-शर्टमध्ये फिरत राहते. काढताना मात्र चिवट टेप झटक्यात ओढू नका. अंघोळीत कडांना खोबरेल लावून पाच मिनिटं थांबा आणि त्वचेला समांतर, केसांच्या दिशेने हळू सोलून काढा. पळताना वाचवलेली त्वचा टेप ओढताना घालवणारे पुष्कळ आहेत.

टेपने ॲलर्जी येत असेल, म्हणजे टेपच्याच आकाराचा खाजरा लाल चट्टा उठत असेल, तर अंगाला चिकटून बसणारा कॉम्प्रेशन बनियन आत घाला. उन्हाळ्यात तो गरम होतो, पण रक्त तरी येत नाही.

मांड्या आणि जांघ

मांड्या घासण्याचा संबंध फक्त जाडीशी जोडतात, ते अर्धवट आहे. सडपातळ माणसाच्याही मांड्या थकल्यावर, पावलं जवळ पडायला लागली की, घासतात. इथे सगळ्यात भरवशाचा उपाय लायक्राच्या घट्ट हाफ टाइट्स. लांबी महत्त्वाची: मांड्या जिथे एकमेकींना टेकतात त्याच्या किमान ५ सेंमी खालपर्यंत कापड यायला हवं. आखूड असेल तर ती गुंडाळत वर सरकते आणि गुंडाळलेली कड दोरीसारखी कापते. विकत घेताना दुकानात दहा-पंधरा वेळा गुडघे उचलून जागच्या जागी पळा. तिथे वर सरकली तर रस्त्यावर सरकणारच.

आतून जाळीचं अस्तर असलेल्या शॉर्ट्सखाली पुन्हा सुती अंडरवेअर घालणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. अस्तर हीच अंडरवेअर. दोन्ही घातलं की सुती कापड भिजतं आणि त्याच्या पायाचं इलॅस्टिक जांघेत रुततं. जांघेत एकच सरळ, लाल, कापल्यासारखी रेघ दिसली तर इलॅस्टिक किंवा शिवण दोषी. पसरट लाली असेल तर त्वचेवर त्वचा घासली आहे. शिवणी चपट्या असलेला कपडा निवडा. बोट फिरवल्यावर उंचवटा जाणवला तर पुढचा बघा. पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडांनी जांघेत सोलवटतं. सवय असेल तर टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरा, नसेल तर पॅडच्या दोन्ही कडांच्या रेषेत भरपूर वंगण लावा. शर्यतीच्या दिवशी कप पहिल्यांदा वापरून बघू नका.

नितंबांच्या फटीत होणारी आग कोणी बोलून दाखवत नाही, पण अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब अंतर, पळणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते. पहाटे शौचाला जाऊन आल्यावर पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा आणि मग तिथेही वंगण लावा. शर्यतीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या शौचालयात पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून खिशात दोन ओले वाइप्स असू द्या.

काख, ब्रा, पट्टे

काखेत घासतं ते बाही नसलेल्या बनियनच्या कडेमुळे किंवा बाहीच्या शिवणीमुळे. कड काखेच्या खळग्यात येत असेल तर माप बदला. ती खळग्याच्या बरीच आत तरी हवी, नाही तर बाही दंडापर्यंत तरी.

स्पोर्ट्स ब्राचा त्रास दोन ठिकाणी होतो: खालच्या पट्ट्याच्या रेषेत, आणि पाठीवर हूक असेल तिथे. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. सहज जात असतील तर पट्टा सरकतो आहे, म्हणजे इलॅस्टिक गेलं. वंगण कितीही लावा, अशी ब्रा सोलणारच. दर आठवड्याला तीच ब्रा लाँग रनला वापरली की ती आपल्या अंदाजापेक्षा लवकर ढिली पडते. छातीला बांधायचा हृदयगतीचा पट्टा ब्राच्या पट्ट्याखाली सरकवला तर दोन कडा एकावर एक येतात. मनगटाचं घड्याळ हृदयगती दाखवत असेल तर शर्यतीला पट्टा घरी ठेवा.

पाण्याची सॅक किंवा कमरेचा पट्टा सराव करताना रिकामा वापरून काही कळत नाही. शर्यतीत जेवढं पाणी, जेल, फोन असेल तेवढंच भरून पळा.

पाय

पायांचे फोड हा वेगळा मोठा विषय आहे. इथे फक्त एवढं: सुती मोजे टाळा, बुटात अंगठ्यापुढे नखाएवढी मोकळी जागा हवी, आणि टाच वर-खाली होत असेल तर सगळ्यात वरच्या दोन भोकांतून नाडीचं कडं करून टाच बांधून घ्या. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर तोच उतरायचा असतो, तोही पावसाळ्यात ओल्या मोज्यांनी. तिथे नखं काळी पडतात ती उतारावर, बोटं बुटाच्या पुढच्या भागावर आदळून. आदल्या आठवड्यात नखं कापा आणि उतार सुरू होण्याआधी नाडी पुन्हा आवळा.

वंगण: काय, किती, कधी

पेट्रोलियम जेली (व्हॅसलीन) स्वस्त आणि चांगली, पण ती कपड्यात जिरते आणि तेलकट डाग सोडते. घासणं रोखणारी अँटी-चाफ स्टिक किंवा बाम महाग, मात्र जास्त वेळ टिकतो. लांब अंतराला जाड थर हवा असेल तर लहान मुलांच्या डायपर रॅशचं झिंक ऑक्साइडचं मलम चांगलं काम देतं. खोबरेल पहिल्या तासातच घामाबरोबर वाहून जातं. टाल्कम पावडर नको. कोरडी असेपर्यंत बरी वाटते, ओली झाली की तिचे गोळे होतात आणि तेच घासतात.

प्रमाण बहुतेक जण कमी ठेवतात. प्रत्येक मांडीच्या आतल्या बाजूला सपाट चहाचा चमचा, काखेला अर्धा चमचा, टेप लावणार नसाल तर प्रत्येक स्तनाग्रावर मोठ्या हरभऱ्याएवढं. चोळून जिरवायचं नाही, थर दिसला पाहिजे. आणि जिथे कापडाची कड घासते, तिथे त्या कडेच्या आतल्या बाजूलाही बोट फिरवा.

किती वेळ टिकेल? दमट हवेत व्हॅसलीनचा दोन तासांच्या पुढे भरवसा धरू नका. चार-पाच तासांच्या मॅरेथॉनला किमान एकदा पुन्हा लावावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्ससारख्या, डर्बन आणि पीटरमारित्झबर्गच्या मधल्या ८५ किमीच्या पुढच्या शर्यतीला जाणाऱ्यांनी दर दीड-दोन तासांनी लावायची वेळ आधीच ठरवावी. आग सुरू झाल्यावर लावलेलं वंगण फक्त वाढ थांबवतं.

लाँड्रीचाही यात हात असतो. फॅब्रिक कंडिशनर धाग्यांवर थर सोडतो आणि घाम शोषून बाहेर टाकायची कपड्याची क्षमता मारतो. पळायचे कपडे त्याशिवाय धुवा आणि एकदा जास्त खळबळा, साबण राहिला तर तोही झोंबतो.

पाण्याचं काय

उकाड्यात डोक्यावर बाटली रिकामी करायचा मोह होतोच. ते पाणी पाठीवरून शॉर्ट्समध्ये आणि तिथून मोज्यांत उतरतं, वाटेतलं वंगण धुऊन नेतं. कमरेतून पुढे वाकून मानेवर ओता, किंवा ओला स्पंज मिळाला तर तो मान, कपाळ आणि हातांवरच पिळा. मुंबईत रस्त्याकडेचे लोक प्रेमाने पाइपने भिजवतात, त्यांना हसून हात दाखवा आणि रस्त्याच्या मधून पळा.

शर्यतीत मधेच सुरू झालं तर

बिबच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पाठचा कागद न काढता, टेपचे दोन कापलेले तुकडे चिकटपट्टीने लावून ठेवा. लिप बामच्या रिकाम्या डबीत १० ग्रॅम व्हॅसलीन खिशात. चरचरायला लागताच थांबा. साठ सेकंद जातील, पण पुढे पाय फाकवून चालण्यात यापेक्षा जास्त मिनिटं जातात. रक्त आलं असेल तर आधी पाण्याने मीठ धुवा आणि बाहीच्या कोरड्या भागाने टिपा. ओल्या त्वचेवर टेप बसणार नाही, तेव्हा सरळ वंगणाचा जाड थर लावा. काखेची शिवण घासत असेल तर आडोशाला जाऊन टी-शर्ट उलटा घाला, शिवण बाहेर जाते. वैद्यकीय मदतीच्या तंबूत व्हॅसलीन आणि टेप मागायला लाजू नका.

एक सावधगिरी. वेदनाशामक स्प्रे घेऊन उभे असलेले स्वयंसेवक न विचारता पायांवर फवारतात. सोललेल्या मांडीवर तो पडला तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. लांबूनच हाताने नको म्हणा.

पळून झाल्यावर

अंघोळीआधी सोललेल्या जागेवर व्हॅसलीनचा थर लावा, पाणी कमी झोंबतं. कोमट पाणी, सौम्य साबण, न घासता टिपणं. मग स्वच्छ व्हॅसलीनचा थर आणि कपडा घासत असेल तर न चिकटणारी पट्टी, रोज बदलायची. जखम उघडी ठेवून कोरडी करण्यापेक्षा अशी ओलसर ठेवली तर लवकर भरते. उथळ असेल तर साधारण आठवड्याच्या आत. स्पिरिट, पाण्यात न मिसळलेलं डेटॉल, लिंबू यातलं काही नको. हळदीची पूडही जखमेत कणांसारखी बसते, ती दुधात बरी. नियोमायसिन किंवा फ्रामायसेटिन असलेली मलमं सरसकट लावू नका, काहींना त्यांचीच ॲलर्जी येते आणि मग जखम चिघळली असं वाटतं. नवी त्वचा येईपर्यंत त्या जागेवर पुन्हा घर्षण नको, म्हणून छोटे रन करायचे तर झाकूनच.

जांघेतला चट्टा दोन आठवडे गेला नाही, आगीपेक्षा खाज जास्त असेल, कड उंचावलेली आणि गोलाकार पसरत असेल, तर ते घासणं नाही, गजकर्ण आहे. त्यावर दुकानातून मागून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लाली पसरत जाणं, पू, ताप, हेही डॉक्टरांचं काम. मधुमेह असेल तर छोटीशी जखमही अंगावर काढू नका.

एकाच बाजूच्या स्तनाग्रावरचा चट्टा पळणं थांबवूनही दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, किंवा न घासताही तिथून रक्त वा स्राव येत असेल, तर बाई असो वा पुरुष, तपासून घ्या. शर्यतीनंतर लघवी लाल किंवा कोलासारखी काळपट झाली तर तिचा त्वचेशी संबंध नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टी-शर्टवरचं रक्त गार पाण्यात लगेच भिजवा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. वाळलेला असेल तर अर्धा तास गार पाण्यात ठेवून साबणाने चोळा, आणि पांढऱ्या कपड्यावर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने टाका. रंगीत कपड्यावर ते रंग उडवतं, म्हणून आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा.